कड्यावरचा कांदा आणि एडवर्ड लुइड

मित्रांनो, समजा वर्कशॉपमध्ये तुमच्या हातात एक जुना पार्ट दिला. नेमप्लेट घासून गेलेली, मॅन्युअल कधीच गहाळ, आणि हा पार्ट कुठल्या मशीनचा ते ओळखा असं सांगितलं. आपण काय करणार? व्हर्निअर काढणार, मापं घेणार, दाते मोजणार, आणि जे दिसतंय तेवढंच जर्नलमध्ये लिहिणार. सव्वातीनशे वर्षांपूर्वी वेल्समधल्या एका उंच कड्यावर एका माणसाने एका झाडाच्या बाबतीत अगदी हेच केलं. झाड कसलं, वीतभर रोप! त्याला नाव नव्हतं आणि त्या बेटावर ते कुणी नोंदवलेलं नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे त्याला फूलच नव्हतं. फुलाशिवाय झाड ओळखायचं म्हणजे चेहरा न बघता माणूस ओळखण्यासारखं. तरीही त्याने ते वेगळं आहे हे ओळखलं, आणि ते बरोबर निघालं.

त्या माणसाचं नाव एडवर्ड लुइड. आपल्या सिलॅबसमध्ये हा कुठेच येत नाही. न्यूटन येतो, हूक येतो, बॉइल येतो. हा त्यांच्याच काळातला आणि त्यांच्याच वर्तुळातला, पण आपण त्याला ओळखत नाही. वेल्समध्ये मात्र त्याचं नाव आदराने घेतात. वनस्पती, जीवाश्म, भाषा, जुने दगडी अवशेष अशा चार वेगवेगळ्या ब्रँचेसचे लोक त्याला आपला पूर्वज मानतात. एका माणसाला चार डिपार्टमेंटनी आपलं म्हणावं, आणि त्याच्याकडे नीट मिळवलेली डिग्री एकही नसावी! पण ते पुढे येईलच.

लुइडचा जन्म १६६० सालचा, इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरच्या श्रॉपशरमध्ये, लॉपिंग्टन या गावी. वडील ओस्वेस्ट्रीजवळच्या लान्व्होर्दा इस्टेटीचे मालक, आई ब्रिजेट प्राइस वेल्सच्या पश्चिमेकडची, तीही चांगल्या घराण्यातली. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. त्या काळात अशा मुलाच्या वाट्याला काय येत असेल याची कल्पना करा. इस्टेट वारसाहक्काने मिळणार नाही आणि समाजात मान खाली. त्यात वडिलांची घडी यादवी युद्धात राजाची बाजू घेतल्यामुळे विस्कटलेली, कर्ज डोक्यावर. पण वडिलांना दोन नाद होते, एक रसायनाचे प्रयोग आणि दुसरा बागकाम. पैसा मुलाला मिळाला नाही, नाद मात्र दोन्ही मिळाले.

त्या बागेत एडवर्ड मॉर्गन नावाचा म्हातारा माळी होता. माळी म्हणजे नुसता पाणी घालणारा नव्हे. तो लंडनला वेस्टमिन्स्टरच्या औषधी बागेत काम करून आलेला पक्का वनस्पती-जाणकार होता. १६३९ साली थॉमस जॉन्सन नावाचा लंडनचा औषधविक्रेता झाडं शोधायला स्नोडनवर चढला होता, तेव्हा हा मॉर्गन त्याच्याबरोबर होता. म्हणजे स्नोडनच्या कड्यांवर काय उगवतं ते प्रत्यक्ष पाहिलेला माणूस लुइडला घरच्या बागेतच भेटला. झाड हातात धरून कसं बघायचं, पान कुठून फुटतं, मुळाशी काय आहे, हे तो या माळ्याकडून शिकला. माझ्या मते लुइडचं खरं कॉलेज ते.

१६८२ मध्ये तो ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजात दाखल झाला. हे वेल्सच्या मुलांचं कॉलेज म्हणून ओळखलं जायचं. पण वडील आदल्याच वर्षी वारले होते, हातात पैसा नव्हता आणि लक्षही अभ्यासक्रमात नव्हतं. ते होतं नुकत्याच उघडलेल्या एका इमारतीत. १६८३ साली ऑक्सफर्डला अ‍ॅश्मोलियन म्युझियम सुरू झालं. वरच्या मजल्यावर जगभरातून आणलेल्या चित्रविचित्र वस्तू आणि तळघरात केमिस्ट्रीची लॅब. तिथे रॉबर्ट प्लॉट हा पहिला कीपर होता. लुइड त्याच्या हाताखाली लागला तो कायमचाच. डिग्री राहून गेली. १६९१ मध्ये प्लॉट गेल्यावर लुइड स्वतः कीपर झाला आणि मरेपर्यंत त्याच पदावर राहिला. पुढे १७०१ साली ऑक्सफर्डने त्याला मानद एम.ए. दिली. सगळी कामं करून झाल्यावर, तेही मानद! आपल्याकडे केटी लागलेल्या मंडळींना यातून धीर घ्यायचा असेल तर घ्यावा, पण आधी त्याने किती काम केलं ते वाचावं.

याच काळात त्याने आपल्या नावाचं स्पेलिंगही बदललं. वडील लावायचे इंग्रजी थाटाचं लॉइड. यानं ते वेल्श उच्चाराच्या जवळ आणलं. मूळ वेल्श शब्दाचा अर्थ करडा. आपल्या भाषेला ऑक्सफर्डमध्ये कुणी विचारत नाही हे दिसत असताना मुद्दाम तिच्यासारखं नाव लावणं, यात त्याचा स्वभाव दिसतो.

आता कड्याकडे वळू.

स्नोडन हे वेल्समधलं सर्वांत उंच शिखर. वेल्श नाव अर् विद्वा. उंची १०८५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे उंचीचा विचार केला तर ट्रेकर मंडळी नाक मुरडतील. पण तिथला पाऊस, वारा, धुकं आणि ओले काळे कडे बघितले की नाक जागेवर येतं. १६८० च्या दशकात लुइड या डोंगरांत पुन्हा पुन्हा गेला. आज तिथे गिर्यारोहक दोर, हेल्मेट घेऊन जातात. त्या काळात यातलं काहीच नव्हतं. होते ते बूट, एक झोळी आणि स्थानिक मेंढपाळांची माहिती. मेंढपाळांशी तो त्यांच्या भाषेत बोलू शकायचा, हा त्याचा मोठा फायदा. इंग्लंडहून येणाऱ्या विद्वानांना ते जमायचं नाही.

मेंढ्या पोचतात तिथवर चांगली झाडं उरत नाहीत. ती उरतात कड्याच्या खाचांमध्ये, उत्तरेकडे तोंड असलेल्या ओल्या, सावलीच्या भिंतींवर. अशाच एका ठिकाणी त्याला ते रोप दिसलं. गवताच्या काडीसारखी, किंबहुना लव्हाळ्यासारखी बारीक पानं, दोन-चारच. मधून एक सरळ दांडा, साधारण वीतभर. दांड्याच्या टोकाला एकच बोंड, ताठ उभं. पाकळ्या नाहीत, रंग नाही. आणि खाली बल्ब.

इलेक्ट्रिकलच्या मित्रांनी दचकू नये, बल्ब म्हणजे कांदा! पण इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी गंमत याच कांद्यात आहे. जमिनीखाली जे काही फुगलेलं असतं त्याला आपण सरसकट कंद म्हणतो. पण सुरण कापला तर आत सलग गर असतो आणि कांदा कापला तर पापुद्रे. पापुद्रे म्हणजे खरं तर पानंच, अन्न साठवून जाड झालेली. त्यामुळे खाली कांदा असलेलं रोप म्हटलं की गवत बाद झालं आणि लव्हाळाही बाद झाला. वरून पानं कितीही तशी दिसोत, आतलं डिझाइन वेगळं. हे रोप लिली, कांदा, लसूण अशा कुळांच्या बाजूचं असणार. नुसतं वरून बघणारा माणूस गवत समजून पुढे गेला असता. शेकडो वर्षं लोक पुढे गेलेच होते ना!

पुढची अडचण अशी की त्या काळात झाडांना आजच्यासारखी दोन शब्दांची नावं नव्हती. नाव म्हणजे एक लांबलचक लॅटिन वाक्य. ड्रॉइंगच्या खाली आपण जसं स्पेसिफिकेशन लिहितो तसं. इंग्लंडमध्ये तेव्हा या विषयातला मोठा माणूस म्हणजे जॉन रे. एसेक्समधल्या ब्लॅक नॉटली या खेड्यात बसून त्याने ब्रिटनच्या सगळ्या वनस्पतींची पुस्तकं लिहिली. त्याचं छोटं हँडबुक, सिनॉप्सिस, १६९० साली निघालं आणि त्यात लुइडने स्नोडनवरून आणलेल्या झाडांची भर होती. १६९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे आपलं रोप आलं. त्याचं नाव काय? मराठीत सांगायचं तर, डोंगरावरचं, कांदा असलेलं, लव्हाळ्यासारख्या पानांचं, वीतभर दांड्याच्या टोकाला एकच ताठ बोंड असलेलं. बस्स. फुलाबद्दल एक अक्षर नाही.

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, लुइड तिथे पोचला तोवर फूल गळून गेलेलं होतं. हे रोप फुलतं मेअखेर ते जूनमध्ये, आणि तेही थोडेच दिवस. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याने फुलाबद्दल अंदाज केला नाही. बहुधा पांढरं असावं, बहुधा अमुक झाडासारखं असावं, असं काहीही लिहिलं नाही. रीडिंग मिळालं नाही तर रकाना रिकामा सोडला. रात्री दोन वाजता आदल्या बॅचच्या जर्नलवरून रीडिंग्ज उतरवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा जड जाईल!

तो रिकामा रकाना पुढे भरला गेला. रेच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती १७२४ मध्ये निघाली, रे आणि लुइड दोघेही जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. त्यात या रोपाचं फूल आहे. एकच, आतून पांढरं, बाहेरून मळकट लालसर. सोबत चित्रही आहे. प्रत्यक्षात ते फूल फार देखणं आहे. सहा पांढऱ्या पाकळ्या आणि प्रत्येकीवर लालसर जांभळ्या रेघा, जणू कुणी बारीक निबने आखलेल्या. १७५३ मध्ये लिनिअसने त्याला दोन शब्दांचं नाव दिलं. दुसरा शब्द होता सेरोटिनम, म्हणजे उशिरा येणारं. एका वंशात त्याने दोन झाडं ठेवली होती, एक वसंतात फुलणारं आणि एक हे, मागाहून फुलणारं. पुढे त्याने स्वतःच याचा वंश बदलला. तो प्रश्न काही सुटला नाही, आणि १८३० मध्ये या रोपासाठी एक स्वतंत्र वंश छापला गेला. त्याचं नाव लॉइडिया, आपल्या लुइडवरून. लॉइडिया सेरोटिना. लोकांच्या बोलण्यात मात्र ती स्नोडन लिली. वेल्श नावाचा अर्थ डोंगरावरची लव्हाळपानी. बघा, लोकांनीही फुलाऐवजी पानावरूनच नाव ठेवलं.

पण कड्यावरून खाली आलं पाहिजे, कारण लुइड एका झाडावर थांबणारा नव्हता.

त्याच डोंगरांतल्या दोन दऱ्यांमध्ये, लानबेरिस आणि नान्त फ्रँकन इथे, प्रचंड शिळा पडलेल्या आहेत. लुइडने काय केलं असेल? त्या किती आहेत याचा अंदाज घेतला, हजारोंनी आहेत असं ठरवलं. मग गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं की तुमच्या आठवणीत वरून किती पडल्या. उत्तर आलं, दोन किंवा तीन. आता साधं गणित करा. एका पिढीत दोन-तीन, तर हजारो पडायला किती काळ लागेल? तेव्हा पृथ्वीचं वय सहाएक हजार वर्षं मानलं जायचं आणि त्यावर शंका घेणं धोक्याचं होतं. लुइडचं उत्तर त्या आकड्याच्या पार पुढे जात होतं. हे त्याने रेला पत्रातून कळवलं आणि रेने ते छापलंही. रेट काढून काळ मोजायची ही पद्धत आज आपल्याला साधी वाटते. त्या काळात दगड मोजून असं कुणी विचारत नव्हतं.

त्यातल्या बऱ्याच शिळा हिमनद्यांनी आणलेल्या, हे मात्र त्याला कळणं शक्य नव्हतं. हिमयुगाची कल्पनाच पुढे दीडशे वर्षांनी आली. शेजारच्याच इदवाल दरीत १८३१ साली खुद्द चार्ल्स डार्विन आपल्या प्राध्यापकांबरोबर जीवाश्म शोधत हिंडला, आणि हिमनदीच्या खुणा डोळ्यांसमोर असून त्याला दिसल्या नाहीत. १८४२ मध्ये तो परत आला तेव्हा दिसल्या. तीच हिमनदी आपल्या लिलीचं कोडंही सोडवते. बर्फ वितळून मागे हटला तसं थंडीत वाढणारं हे रोप वर सरकत गेलं आणि शेवटी या मोजक्या गार कड्यांवर अडकून बसलं. जगात ते दुर्मिळ नाही. आल्प्समध्ये आहे, आर्क्टिकमध्ये आहे, अमेरिकेच्या रॉकी पर्वतात आहे, आणि आपल्या हिमालयातही आहे. ब्रिटनमध्ये मात्र फक्त स्नोडोनियात.

दगडांच्या बाबतीत लुइड चुकलाही. १६९८ मध्ये त्याने लांदायलोजवळ सापडलेल्या एका जीवाश्माचं चित्र प्रसिद्ध केलं आणि तो एका चपट्या माशाचा सांगाडा असावा असं म्हटलं. तो होता ट्रायलोबाइट, सुमारे ४६ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रातला कवचधारी जीव, माशाशी काडीचा संबंध नसलेला. इथे त्याने रकाना रिकामा सोडला नाही आणि फसला! जीवाश्म कसे तयार होतात याबद्दलची त्याची थिअरीही चुकीची होती. समुद्री जीवांचं बीज वाफेबरोबर वर जातं, पावसातून खडकात झिरपतं आणि तिथे दगडाच्या रूपात वाढतं, असं त्याला वाटायचं. आज हसू येतं. पण डोंगरमाथ्यावर शिंपले का सापडतात याचं समाधानकारक उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

थिअरी चुकली तरी कॅटलॉग उत्तम होता. १६९९ मध्ये त्याने ब्रिटनमधल्या जीवाश्मांचं सचित्र पुस्तक काढलं, लॅटिनमध्ये, सतराशेच्या वर नमुन्यांचं. विद्यापीठाने छापायला नकार दिला. मग ओळखीच्या लोकांनी वर्गणी काढली आणि अवघ्या १२० प्रती छापल्या. वर्गणीदारांत आयझॅक न्यूटन आणि हान्स स्लोन होते. न्यूटनने ज्याच्या पुस्तकाला खिशातून पैसे दिले तो माणूस साधा नसणार, एवढं आपण धरून चालू. त्या पुस्तकात एका दाताचं चित्र आहे. तो लांब मानेच्या डायनोसॉरचा आहे, हे फार नंतर लोकांच्या लक्षात आलं. डायनोसॉर हा शब्द १८४२ चा. म्हणजे हेही पुन्हा तेच, नाव नसलेली वस्तू नीट काढून ठेवली आणि ओळख मागाहून आली.

भाषांचा भाग मी थोडक्यात आटोपतो, खरं तर त्याची जास्त प्रसिद्धी त्यासाठीच आहे. १६९६ मध्ये त्याने एक प्रश्नावली छापली आणि वेल्सच्या प्रत्येक पॅरिशमध्ये तीन प्रती जातील अशा हिशोबाने चार हजार प्रती वाटल्या. तुमच्या गावात जुने दगड कुठले, चालीरीती कुठल्या, झाडं कुठली, खाणी कुठल्या, शब्द कुठले. आपल्या फेस्टचा फीडबॅक फॉर्म चारशे जणांकडून भरून घेताना नाकी नऊ येतात, तर त्या काळात घोड्यावरून हे कसं केलं असेल! मग १६९७ पासून तीन-चार मदतनीस घेऊन तो स्वतः निघाला. वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड, कॉर्नवॉल आणि शेवटी फ्रान्समधला ब्रिटनी प्रांत. चार वर्षं. आयर्लंडमध्ये १६९९ साली न्यूग्रेंजच्या टेकाडातला दगडी बोगदा नुकताच उघडा पडला होता, रस्त्यासाठी दगड काढताना. आत जाऊन त्याचं पहिलं वर्णन लुइडने केलं. तो बोगदा पाच हजार वर्षांपूर्वीचा आहे. कॉर्नवॉलमध्ये झोळी घेऊन फिरणाऱ्या या परक्या लोकांवर गावकऱ्यांनी चोर म्हणून संशय घेतला. ब्रिटनीत तर कळस झाला. इंग्लंड-फ्रान्सचं युद्ध तोंडावर आलेलं, आणि हा इंग्लंडहून आलेला माणूस अनोळखी लिपीतल्या वह्या घेऊन फिरतोय! हेर म्हणून धरला आणि ब्रेस्टच्या तुरुंगात अठरा दिवस ठेवला. वह्या तपासल्यावर त्यात नुसते शब्दच शब्द. सोडून दिला.

त्या शब्दांतून १७०७ साली आर्किऑलॉजिया ब्रिटानिका या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. वेल्श, ब्रेटन, कॉर्निश, आयरिश या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या आहेत हे त्याने शब्द शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. वेल्शमध्ये जिथे प येतो तिथे आयरिशमध्ये क येतो, आणि हे सुटंसुटं नाही, नियमाने होतं. पाचला वेल्शमध्ये पिम्प म्हणतात, आयरिशमध्ये कूग. डोक्याला एकीकडे पेन, दुसरीकडे क्यौन. पिम्प आणि आपला पंच यांचं नातं लुइडला माहीत असण्याचं कारण नव्हतं. संस्कृतला ग्रीक-लॅटिनच्या शेजारी बसवणारं भाषण १७८६ मध्ये कलकत्त्यात झालं आणि ते करणारे सर विल्यम जोन्स वेल्श बापाचे चिरंजीव. जाता जाता आपल्या कामाची गोष्ट, या जोन्सचे वडीलही विल्यम जोन्सच, आणि वर्तुळाच्या गुणोत्तराला पाय हे चिन्ह पहिल्यांदा वापरलं ते त्यांनी, १७०६ साली!

कॉर्निश भाषा तेव्हाच शेवटच्या घटका मोजत होती. ती सहज बोलणाऱ्या शेवटच्या मोजक्या लोकांपर्यंत लुइड पोचला आणि जे मिळालं ते उतरवून घेतलं. कॉर्निशची शेवटची बोलणारी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती डॉली पेंट्रीथ १७७७ मध्ये वारली. पुढे विसाव्या शतकात ही भाषा पुन्हा उभी करायचा प्रयत्न झाला, तेव्हा लुइडच्या नोंदी कामाला आल्या.

पण पहिला खंड हाच शेवटचा ठरला. निसर्गावरचा खंड, ज्यात कदाचित आपल्या लिलीबद्दल अजून काही मिळालं असतं, तो कधी निघालाच नाही. १७०८ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो करून घेतलं. १७०९ च्या मार्चमध्ये विद्यापीठात एक बऱ्या उत्पन्नाचं पद मिळालं. आता जरा पैशांची विवंचना मिटेल असं वाटत असतानाच तो आजारी पडला. दम्याचा त्रास आधीपासून होता. म्युझियमच्याच एका दमट खोलीत तो राहायचा आणि तिथेच छातीचं दुखणं बळावून ३० जून १७०९ रोजी वारला. वय ४९. ऑक्सफर्डच्या सेंट मायकेल चर्चमध्ये त्याला पुरलं.

माणूस गेल्यावर त्याच्या कागदपत्रांची जी वाताहत झाली ती वाचून खरंच वाईट वाटतं. विद्यापीठाचं देणं राहिलं होतं म्हणून हस्तलिखितं अडकवून ठेवली. मग ती सर थॉमस सेब्राइट नावाच्या धनिकाला विकली गेली. पुढे त्या घराण्याकडून ती फुटली. आयरिश भाषेतली बरीचशी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात सुखरूप पोचली. बाकीच्यातली काही १८०७ मध्ये हॅवोड इथल्या वाड्याच्या आगीत जळाली, काही १८५८ मध्ये विनस्टे इथल्या आगीत. चार वर्षं पाऊस अंगावर घेऊन, तुरुंगात बसून जमवलेल्या वह्या, आणि शेवट असा. मित्रांनो, प्रोजेक्टचा बॅकअप ठेवा असं सर उगाच सांगत नाहीत!

लिलीवरही संकटं आलीच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये दुर्मिळ झाडं जमवायचं वेड पसरलं. हौशी लोक स्नोडनला येत, गाइड घेत आणि कड्यावरची झाडं मुळासकट उपटून नेत. असाच एक नावाजलेला गाइड विल्यम विल्यम्स १८६१ साली झाडं काढताना कड्यावरून पडून मेला. कांद्याच्या झाडाला उपटणं फार बाधतं, कारण सगळा साठा त्याच एका कांद्यात असतो. आज वेल्समध्ये ही लिली पाचएक ठिकाणीच उरली आहे. १९८१ च्या ब्रिटिश वन्यजीव कायद्यात ती संरक्षित आहे, उपटणं तर सोडाच, फूल तोडणंही गुन्हा. कायद्याच्या यादीत नाव आहे लॉइडिया सेरोटिना.

आता या ओळखण्याच्या गोष्टीचा सगळ्यात मजेशीर भाग. १९६५ मध्ये वेल्सच्याच दुसऱ्या टोकाला, रॅडनर भागातल्या स्टॅनर रॉक्सवर, एक रोप सापडलं. बारीक पानं, खाली कांदा, धड फूल नाही. जाणकारांनी पुस्तकं उघडली आणि ठरवलं की ही स्नोडन लिलीच. दहाएक वर्षं तेच चाललं. मग कुणीतरी ते ऐन फुलावर असताना पाहिलं. फूल पिवळं! आणि येतं कधी, तर जानेवारी ते मार्चच्या थंडीत. ती निघाली गेजिया बोहेमिका, ब्रिटनमध्ये आधी कधीच न नोंदलेली वेगळी जात. सूक्ष्मदर्शक, हर्बेरियम, लायब्ररी सगळं हाताशी असताना ही गफलत झाली.

आणि २००८ मध्ये यावरही कडी झाली. डीएनए तपासून संशोधकांनी दाखवलं की लॉइडिया हा वंश वेगळा काढण्याइतका वेगळा नाहीच, तो गेजियातच मिसळतो. म्हणजे ज्या दोन झाडांची अदलाबदल झाली होती ती जवळची भावंडंच निघाली. त्यामुळे आता वनस्पतिशास्त्राच्या हिशोबात स्नोडन लिलीचं नाव गेजिया सेरोटिना. गेजिया हे नाव सर थॉमस गेज नावाच्या एका इंग्लिश सरदाराच्या सन्मानार्थ आहे. लुइडचं नाव गेलं. नियमाने बघितलं तर बरोबर आहे, पुराव्यापुढे कुणाचं नाव चालत नाही आणि लुइडनेही तक्रार केली नसती असं वाटतं. तरी मनाला लागतंच. वेल्श भाषेतून निसर्ग अभ्यासणाऱ्या लोकांनी १९७८ साली एक संस्था काढली, तिला मात्र त्यांनी त्याचंच नाव दिलं आहे.

या लिलीची मोजणी करायची तर कड्यावर दोराला लटकून करावी लागते. दर वर्षी सगळेच कांदे फुलत नाहीत, बरेचसे नुसती पानं काढून गप्प बसतात. त्यामुळे मोजणाऱ्याला फुलाचा फारसा उपयोग नसतो. तो खाचेत डोकं घालून लव्हाळ्यासारखी बारीक पानं शोधतो, आणि नशीब असेल तर वीतभर दांड्यावर उभं असलेलं एखादं वाळलेलं बोंड.